रात्री ओटा रिकामा करून झोपा: स्वयंपाकघर रोजच्या रोज नीट ठेवायची पद्धत

सकाळी पावणेसहाला स्वयंपाकघरातला दिवा लावला की दिवस कसा जाणार ते मला तिथेच कळतं. ओटा पुसलेला, सिंक कोरडं, शेगडी रिकामी असेल तर एकीकडे चहाचं आधण, दुसरीकडे कुकर, आणि सव्वासातला दोन डबे भरून तयार. पण रात्रीची आमटीची कढई अजून शेगडीवरच असेल, सिंकमधे ताटं एकमेकांना चिकटून बसली असतील, पोळपाट मांडायला आधी चार वस्तू इकडच्या तिकडे कराव्या लागत असतील तर पहिली पंधरा मिनिटं कालच्या कामातच जातात, मग डब्याला उशीर, मग घाईत तेल सांडतं, ते पुसायला फडकं सापडत नाही आणि असं करत करत तो पसारा रात्रीपर्यंत तसाच पुढे जातो.

म्हणून मी कोणीही विचारलं की सांगते, स्वयंपाकघर नीट ठेवायचं असेल तर सुरुवात रात्री करायची. माझी आजी चुलीवर स्वयंपाक करायची. रात्रीची जेवणं झाली की चुलीतली राख काढून चुलीला पोतेरं फिरवल्याशिवाय ती अंथरुणाला पाठ टेकायची नाही, खरकटी भांडी रात्रभर राहिली तर घरात अवदसा येते म्हणायची. आता चूल नाही, राख नाही, पण रात्री खरकटं राहिलं की झुरळं येतात हे काही बदललेलं नाही, आणि सकाळी चूल तयार मिळाली पाहिजे ही गरज तर नोकरी करणाऱ्या माणसाला आजीपेक्षा जास्तच आहे.

आमचं चार माणसांचं घर, मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. ओटा जेमतेम साडेसात फुटांचा, त्यातच शेगडी आणि सिंक. तेव्हा पुढे जे सांगतेय ते मोठ्या मॉड्युलर किचनचं नाही, साध्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचं आहे.

आधी एक रविवार द्या

रोजच्या सवयी लागण्याआधी एकदा बसून वस्तूंच्या जागा ठरवाव्या लागतात, हे टाळलं तर बाकी काही टिकत नाही. कारण पसारा म्हणजे काय, तर ज्या वस्तूला जागा नाही ती ओट्यावर राहते, एवढंच.

ओट्यावरचं सगळं उचलून जेवणाच्या टेबलावर किंवा खाली जमिनीवर पेपर पसरून मांडा. सगळं म्हणजे सगळं, मिक्सर, तेलाची बाटली, लोणच्याची बरणी, कुरिअरचं कात्री लावलेलं पाकीट, औषधाची पट्टी, रबर बँडची वाटी. आता रिकामा ओटा पुसा आणि रोज, अगदी रोज हात लागतो तेवढंच परत वर ठेवा. आमच्याकडे फक्त पाच वस्तू परत आल्या: शेगडीशेजारी तेलाची किटली, लायटर, मीठ, पाण्याचा जग आणि मिक्सर. मिक्सर जड आहे, खाली ठेवला तर मी चटणी वाटायचा कंटाळा करणार हे मला माहीत होतं, म्हणून तो वर राहिला. तुमच्याकडे मिक्सर आठवड्यातून एकदाच लागत असेल तर तो खाली जाऊ दे.

मग जागा ठरवताना एकच बघायचं, ती वस्तू हातात घेता तेव्हा तुम्ही कुठे उभे असता. मिसळणाचा डबा, हिंग, पळी, झारा, उलथनं, सांडशी हे शेगडीपासून एका हाताच्या अंतरावर. चहा-साखर-आलं किसायची किसणी-गाळणं एकत्र, चहाची भांडी पण तिथेच. पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा, परात आणि पोळ्यांचा डबा एका ट्रॉलीत. सुरी, विळी, सोलाणं सिंकच्या बाजूला कारण भाजी धुवून आपण तिथेच चिरतो. बऱ्याच घरांत सगळे डबे एकीकडे, सगळी भांडी दुसरीकडे अशी मांडणी असते, दिसायला छान दिसते पण एका चहासाठी चार फेऱ्या होतात आणि परत ठेवायचा कंटाळा येतो.

प्लॅस्टिकच्या डब्यांचं वेगळं सांगते. सगळे डबे आणि सगळी झाकणं जमिनीवर मांडून जोड्या लावा. माझ्याकडे डबा नसलेली अकरा झाकणं निघाली. जोडी नाही ते गेलं, बाहेरून जेवण मागवल्यावर येणारे पातळ काळे-पांढरे डबे पण गेले. उरलेले डबे एकात एक घालून ठेवायचे आणि झाकणं एका उभ्या टोपलीत.

या रविवारच्या कामात माझी एक चूक झाली ती तुम्ही करू नका. मी एकटीनेच सगळं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधे असताना सासूबाईंचा फोन, "अगं, मोहरी कुठे ठेवलीस? आणि साबुदाणा वरच्या फळीवर का गेला? मला हात पुरत नाही." दुपारचा स्वयंपाक त्या करतात आणि त्यांच्या गुडघ्याला वाकणं झेपत नाही, उंच फळीवर हात जात नाही, हे मला रोज दिसत असून मांडणी करताना लक्षात आलं नाही. संध्याकाळी मी म्हटलं, "आई, तुम्ही सांगा, मी ठेवते." मग त्यांच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत त्यांना लागणारं सगळं बसवलं, माझं बेकिंगचं सामान, मोठी पातेली वर-खाली गेली. तेव्हापासून जागा टिकल्या. जो जो स्वयंपाकघरात हात लावतो त्या प्रत्येकाला विचारूनच जागा ठरवा.

स्वयंपाक चालू असतानाची आवराआवर

कुकरला तीन शिट्ट्या होईपर्यंत दहा-बारा मिनिटं असतात, फोडणीनंतर भाजी शिजायला झाकण ठेवलं की अजून पाच-सात मिनिटं असतात. या वेळात फोन हातात न घेता जे वापरून झालं ते जागेवर ठेवलं तर स्वयंपाक संपताना अर्धा ओटा आपोआप रिकामा असतो. मसाल्याचा डबा फोडणी झाल्या झाल्या बंद, डाळ-तांदळाचे डबे माप घेतल्या घेतल्या आत.

भाजी निवडताना-चिरताना एक जुनं ताट शेजारी घ्यायचं, देठं, सालं, लसणाची टरफलं सगळी त्यातच. लसणाची टरफलं एकदा ओट्यावर पसरली की पंख्याच्या वाऱ्याने घरभर होतात आणि ओल्या फडक्याला चिकटून बसतात. ताट शेवटी एकदाच ओल्या कचऱ्यात उलटं केलं की झालं.

पोळ्यांच्या पिठीचं मात्र नीट लक्ष देऊन वाचा, कारण ओटा चिकट राहायचं सर्वात मोठं कारण तेच असतं. पोळ्या झाल्यावर ओट्यावर पिठीचा पातळ थर असतो. त्यावर थेट ओलं फडकं फिरवलं तर त्या पिठीची खळ होते, ती फडक्याने सगळ्या ओट्यावर पसरते आणि वाळली की ग्रॅनाइटवर पांढरट पापुद्रा दिसतो, हात फिरवला तर खरखरीत लागतो. म्हणून आधी कोरड्या फडक्याने किंवा हाताच्या कडेने पिठी ओढून परातीत घ्या, झटका, आणि मगच ओलं फडकं. लाटणं आणि पोळपाट पण आधी कोरडं पुसा, पोळपाट लाकडी असेल तर पाण्यात भिजत ठेवायचा नाही, चीर पडते. परातीला चिकटलेली कणीक गार पाण्यात पाच मिनिटं ठेवली की निघून येते, गरम पाणी घातलं तर ती शिजून अजून घट्ट बसते.

दूध उतू गेलं, तर शेगडी बंद करून गरम असतानाच पुसायला जाऊ नका, हात भाजतो. थोडं कोमट झाल्यावर ओलं फडकं पाच मिनिटं त्या जागेवर टाकून ठेवा, थर सुटतो. बर्नरची टोपी पूर्ण गार झाल्यावर काढून टूथब्रशने घासायची, भोकं पिनेने मोकळी करायची आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची. भोकं बुजली की ज्योत पिवळी होते, पातेल्याची बुडं काळी पडतात आणि गॅस जास्त जातो. निळी ज्योत असेल तर ठीक चाललंय समजा.

रात्रीची वीस मिनिटं

हा या सगळ्याचा गाभा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्रम चुकला की एकच जागा दोनदा पुसावी लागते.

सगळ्यात आधी उरलेलं अन्न. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एका तासातच आत गेलेलं बरं. भात-आमटी पातेल्यासकट फ्रिजमधे ढकलू नका, मापाच्या लहान डब्यात काढा, लवकर गार होतं, फ्रिजमधे जागा राहते आणि मुख्य म्हणजे पातेलं घासायला मोकळं होतं. ही एक गोष्ट केली तरी ओट्यावरची निम्मी गर्दी जाते.

दुसरं, खरकटं. ताटातलं, पातेल्यातलं, कढईतलं खरकटं चमच्याने खरवडून ओल्या कचऱ्यात. ते सिंकमधे जाऊ द्यायचं नाही. भाताची शितं आणि चहाचा चोथा पाइपात साचतात, त्यावर तेल थिजतं आणि दोन-तीन महिन्यांत सिंक तुंबतं. कढईत उरलेलं तळणीचं तेल पण सिंकमधे ओतू नका, जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्या.

तिसरं भांडी. आमच्याकडे भांड्यांना मावशी सकाळी साडेसातला येतात, त्यामुळे रात्री सगळी भांडी घासणं होत नाही, पण खरकटं काढून, एकदा पाण्याने विसळून, एका मोठ्या टबात आकाराप्रमाणे रचून ठेवते. टब सिंकखाली, सिंक मोकळं. वाळलेलं वरण खरवडत बसायला लावणं हे त्यांच्या हातांवर अन्याय आहे, त्यांना आणखी चार घरं करायची असतात, आणि विसळलेली भांडी निघतातही लख्ख. तुम्ही स्वतः घासत असाल तर आधी काचेचे ग्लास आणि कप, मग ताटं-वाट्या, मग पातेली, आणि तवा-कढई सगळ्यात शेवटी, म्हणजे घासणीला तेल लागत नाही. दुधाचं आणि पिठाचं भांडं आधी गार पाण्याने, तेलकट भांडं गरम पाण्याने. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळा, थर सुटतो, पण अॅल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. बिडाचा किंवा लोखंडी तवा धुतला की लगेच शेगडीवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवायचं. मिक्सरचं भांडं हातात धरून पात्याखाली बोटं घालण्यापेक्षा त्यात पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून दहा-पंधरा सेकंद फिरवा. कुकरची रबरी रिंग रोज काढून धुवायची आणि शिटीच्या नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं, डाळीचा फेस तिथे अडकतो आणि ते धोक्याचं असतं.

चौथं शेगडी आणि ओटा. शेगडी गार झालेली असली पाहिजे. स्टँड उचला, खालचं पुसा, शेगडीखालचा ओटा पण पुसा, बहुतेक जण शेगडीच्या आजूबाजूने पुसतात आणि खाली मोहरी, जिऱ्याचे दाणे, तेलाचा चिकटा तसाच राहतो. ओटा पुसताना भिंतीकडून सुरुवात करायची, शेगडीच्या टोकापासून सिंककडे ओढत आणायचं, म्हणजे सगळी घाण सिंकमधेच पडते. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं हवं, टपकत असेल तर ते पुसत नाही, नुसतं पाणी पसरवतं. एक हात साबणाचा, फडकं धुवून दुसरा हात साध्या पाण्याचा, तिसरा कोरड्या फडक्याचा. शेगडीमागच्या टाइल्सवर रोजच्या फोडणीचे शिंतोडे असतात, त्यावर पण वीतभर उंचीपर्यंत रोज एक हात फिरवा, हळदीचा डाग ताजा असतो तोवर निघतो, आठवड्याने नाही. आणि ओट्याची पुढची कड, जिथे आपलं पोट टेकतं, तिच्या खालच्या बाजूला एकदा बोट लावून बघा, मी पहिल्यांदा लावलं तेव्हा काळा ओघळ निघाला. ती कड आता रोज पुसते.

पाचवं सिंक. जाळी उचलून त्यातला गाळ कचऱ्यात, सिंकला आतून घासणी, नळाच्या बुडाशी टूथब्रश, आणि शेवटी सिंक कोरडं पुसायचं. कोरडं का ते पुढे झुरळांच्या भागात सांगते. बोअरचं पाणी असेल तर नळावर पांढरे डाग बसतात, ते आठवड्यातून एकदा अर्धं पिळलेलं लिंबू घासून दहा मिनिटांनी धुतलं की जातात. मात्र ग्रॅनाइट सोडून दुसरा दगड, विशेषतः संगमरवर असेल तर त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर पडू देऊ नका, चकाकी कायमची जाते.

मग कचरा बांधून दाराशी, उद्याचे छोले किंवा मटकी भिजत, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आणि दिवा बंद. रेग्युलेटरवरून आठवलं, गॅसची नारिंगी सुरक्षा ट्यूब दर पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख ट्यूबवरच छापलेली असते, पुसता पुसता एकदा बघून ठेवा. आणि गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न लावता, न बंद करता खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा.

मसोत्याची निगा

ओटा पुसूनही स्वयंपाकघराला कुबट वास येत असेल तर मसोतं बघा. दिवसभर ओलं, चुरगळून नळावर टाकलेलं फडकं म्हणजे जंतूंचं घर, आणि त्यानेच आपण ओटा, हात, कधीकधी ताटं पण पुसतो.

तीन वेगळी फडकी करा आणि वेगळ्या रंगांची करा म्हणजे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे ओट्याला निळं, हात पुसायला पांढरा पंचा, धुतलेली भांडी पुसायला लाल काठाचं जुनं सुती धोतर फाडून केलेलं. गरम भांडी उचलायला चौथं जाड, ते कायम कोरडंच हवं, कारण ओल्या फडक्याने गरम पातेलं धरलं तर क्षणात वाफ होऊन हात भाजतो. जुनी सुती साडी, धोतर, बनियन यांच्यासारखं पाणी टिपणारं फडकं विकतचं क्वचितच मिळतं.

रात्री मसोतं साबणाने धुवून, पिळून, दोन्ही टोकं पसरून दोरीवर वाळत घालायचं. आठवड्यातून दोनदा एका जुन्या पातेल्यात पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि फडकी घालून दहा मिनिटं उकळायची. पावसाळ्यात फडकी वाळतच नाहीत, तेव्हा संख्या दुप्पट करायची आणि अर्धवट ओलं फडकं परत वापरायला घ्यायचं नाही, फ्रिजच्या मागे किंवा पंख्याखाली टाकून का होईना पण पूर्ण वाळवायचं. भांडी घासायचा स्पंज दोन-तीन आठवड्यांत बदला, वास यायला लागला तर त्याआधीच. मला स्वतःला काथ्या बरा वाटतो, लवकर वाळतो.

डबे, धान्य आणि किडे

दोन वर्षांपूर्वी जुलैत शिरा करायला रव्याचा डबा उघडला तर झाकणाच्या आत बारीक जाळी, आणि रवा चमच्याने हलवला तर गोळे गोळे वर आले. तो डबा मी एका महिन्यापूर्वीच भरला होता, पण तळाला जुना अर्धी वाटी रवा होता आणि त्यावरच नवा ओतला होता. किडे त्या तळाच्या रव्यातून आले. तेव्हापासून नियम, जुन्यावर नवं ओतायचं नाही. डबा पूर्ण रिकामा, धुवून, उन्हात कडकडीत वाळवून मगच नवीन भरायचं, जुनं थोडं उरलं असेल तर ते छोट्या बरणीत काढून आधी संपवायचं.

रवा, बेसन, मैदा, दलिया पावसाळ्यात अर्धा किलोच्या वर आणू नका. रवा कोरडाच भाजून, गार करून भरला तर टिकतो. जागा असेल तर नवीन आणलेलं पुडकं तीन-चार दिवस फ्रीझरमधे ठेवा, असतील ती अंडी मरतात, मग बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा नाहीतर आत ओल धरते. वर्षाचे गहू भरत असाल तर ते मे महिन्यातच उन्हं दाखवून भरायचे, तांदूळ मात्र उन्हात घालू नये, तुटतो, सावलीत वाळवायचा.

डब्यावर चिकटपट्टीवर पेनने नाव आणि भरल्याची तारीख लिहा. स्टीलचे डबे दिसायला सारखेच असतात आणि सगळ्यांना ते पाठ नसतात.

फ्रिज

फ्रिजमधे वरच्या कप्प्यात पुढे एक ट्रे ठेवा, त्यात आधी संपवायचं ते. कालची भाजी, अर्धा चिरलेला कांदा, उघडलेलं पनीर. जेवण बनवायच्या आधी त्या ट्रेकडे बघायचं. कच्चं मटण-मासे असतील तर झाकणाच्या डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात, त्यांचं पाणी दुसऱ्या कशावर गळू नये म्हणून. तापमान ५ अंशांच्या खाली हवं. कोथिंबीर आणल्या दिवशीच निवडून, न धुता, कागदात गुंडाळून डब्यात. भाजी आणायच्या आदल्या दिवशी फ्रिज सर्वात रिकामा असतो, तेव्हाच दोन कप्पे पुसून घ्या, वेगळा दिवस काढायची गरज नाही.

झुरळं आणि मुंग्या

आपल्या स्वयंपाकघरातलं लहान तपकिरी झुरळ, त्याच्या अंड्यांच्या एका पिशवीत ३० ते ४० पिल्लं असतात, म्हणजे एक दिसलं आणि सोडून दिलं तर दोन महिन्यांनी काय होणार ते बघा. त्यांना तीन गोष्टी लागतात, ऊब, अंधारी फट आणि पाणी. अन्न अगदी थोडं असलं तरी ती बरेच दिवस राहतात पण पाण्याशिवाय फार टिकत नाहीत, म्हणून रात्री सिंक कोरडं करायचं, सिंकखालचा गळका पाइप दुरुस्त करायचा आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे महिन्यातून एकदा रिकामा करायचा. पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नका, त्यांच्या घडीत ती अंडी घालतात. बोरिक पावडर, कणीक, थोडी साखर आणि दूध मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून ट्रॉलीच्या मागे, फ्रिजखाली, बिजागरीच्या कोपऱ्यात ठेवा, पंधरा दिवसांनी बदला. घरात रांगतं बाळ किंवा कुत्रं-मांजर असेल तर हा उपाय नको, ते पोटात जाणं घातक असतं, त्यापेक्षा पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून फटींमधे जेल लावून घ्या.

मुंग्यांची रांग दिसली की आधी ती कुठून येतेय ते शोधा आणि साबणाच्या पाण्याने तो रस्ता पुसा, त्यांनी वासाची खूण केलेली असते, ती गेली की रांग मोडते. साखरेचा आणि गुळाचा डबा घट्ट झाकणाचा हवा.

एक कळकळीची विनंती, सिंक तुंबलं किंवा डाग निघत नाही म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. आणि व्हिनेगर-सोडा एकत्र करून फेस काढायचा जो उपाय सगळीकडे फिरतो, त्यात दोघं एकमेकांची ताकद मारतात, फेस जिरल्यावर नुसतं खारट पाणी उरतं. चिकटपणाला सोडा वेगळा लावा, क्षाराच्या डागाला व्हिनेगर वेगळं लावा, दोन्ही चांगलं काम करतात.

घरातल्या सगळ्यांचे हात

हे एकट्या बाईने करायचं काम म्हणून चालवलं तर महिनाभर चालतं आणि मग ती थकते. आमच्याकडे वाटणी अशी आहे: मुलगा जेवणानंतर सगळ्यांची ताटं खरवडून टबात ठेवतो आणि टेबल पुसतो, नवरा उरलेलं अन्न काढतो आणि कचऱ्याचं बघतो, ओला आणि सुका वेगळा, बॅटरी-बल्ब-औषधं तिसऱ्या पिशवीत, शेगडी आणि ओटा माझा, आणि सासूबाई टीव्ही बघत बघत उद्याची भाजी निवडून ठेवतात. पहिले दोन आठवडे मुलाचं काम मनासारखं होत नव्हतं, ताटाला भात राहायचा, टेबलावर ओघळ राहायचे, पण मी त्याच्यामागून परत पुसायला गेले नाही. परत पुसलं असतं तर ते काम माझंच झालं असतं. मी फक्त हाक मारायची, "बाळा, इकडे ये, हे राहिलं बघ," आणि तो येऊन पुसायचा. आता सांगावं लागत नाही.

आठवड्याला जे करायचं ते एकाच दिवशी सगळं नको, रोज एक छोटं काम रात्रीच्या वीस मिनिटांना जोडायचं. सोमवारी मायक्रोवेव्ह, मंगळवारी मिक्सरचं बूड, बुधवारी एक ट्रॉली, गुरुवारी स्विचबोर्ड आणि फ्रिजचं हँडल, शुक्रवारी डस्टबिन धुणं. चिमणी असेल तर तिची जाळी महिन्यातून एकदा गरम पाणी आणि साबणात भिजवून. वरच्या फळ्या, पंखा, एक्झॉस्ट, माळा हे घट बसायच्या आधी वर्षातून एकदा काढतोच आपण, रोजचं रोज होत असेल तर ते एका दिवसात उरकतं.

आणि आजारपण, पाहुणे, उशिरा सुटलेलं ऑफिस, असे दिवस येणारच. त्या रात्री सगळं सोडा आणि फक्त चार गोष्टी करा: उरलेलं अन्न फ्रिजमधे, खरकटं कचऱ्यात काढून भांडी टबात पाणी घालून, ओट्यावर एक ओला हात, आणि रेग्युलेटर बंद. साडेपाच मिनिटं लागतात, मी ताप असताना घड्याळ बघून केलंय.